वाटाण्याचा हरवलेला सिनेमा

दौलताबादचा किल्ला उतरून तुम्ही खुलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलात, की वाटेत कागजीपुरा नावाचं लहानसं गाव लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. घृष्णेश्वराचं दर्शन आणि लेणी एकाच दिवसात उरकायची असतात, मुलं भुकेली झालेली असतात, सीताफळांची टोपली पायाशी असते. गाव कधी मागे पडतं ते कळतही नाही. पुढच्या वेळी मात्र जरूर थांबा. इथे शेकडो वर्षं हातानं कागद करत आले आहेत. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी ही विद्या इथे रुजवली असं सांगतात. चिंध्या आणि जुने दोर कुटायचे, लगदा पाण्यात कालवायचा, चाळणीवर उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. असा दौलताबादी कागद जुन्या दप्तरखान्यांत नावाजलेला होता. रुमालात बांधून ठेवलेली त्या काळची कागदपत्रं दोनशे-अडीचशे वर्षांनीही वाचता येतात.

तुम्ही म्हणाल, मथळा सिनेमाचा आणि ही कागदाची कथा कशाला? तर एवढ्याचसाठी, की चिंध्यांचा कागद अडीचशे वर्षं टिकला आणि एका मराठी माणसानं १९१२ साली मोठ्या हिकमतीनं काढलेला, आपल्याकडचा अगदी सुरुवातीचा शास्त्रीय चित्रपट मात्र आज कुठेही पाहायला मिळत नाही. चित्रपट होता मिनिटभराचा. त्यात नट नव्हता, नटी नव्हती. होता फक्त एक वाटाणा! तो घरात तयार झाला, आणि असल्या वस्तू हरवतात त्या घरातूनच, सापडतात त्याही घरातूनच. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायची.

कुंडीतला नट

मोड काढणं आपल्याला काही नवं नाही. मटकी भिजत घालावी, फडक्यात बांधून ठेवावी, सकाळी उघडावं तो शुभ्र मोड! पण मोड फुटताना कुणी पाहिला आहे का? तासन् तास बसलात तरी दिसणार नाही. आपल्या डोळ्यांना ती गती कळतच नाही.

दादासाहेब फाळक्यांनी हीच न दिसणारी गोष्ट दाखवायचं ठरवलं. १९११ च्या ईस्टरमध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वेडच लागलं. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते विलायतेला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलच्या आरंभी परतले. यंत्र आलं, विद्या आली. पैसा मात्र नव्हता. आणि ज्यांनी कधी चित्रपट कसा बनतो हे पाहिलं नाही, ते पैसा कुणाच्या भरवशावर देणार?

तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेतलं. ती चित्रं पडद्यावर भराभर सरकली तेव्हा बघणाऱ्यांना दिसलं काय? दाणा फुटतो आहे, कोंब वर येतो आहे, पानं उलगडताहेत आणि वेल आधार शोधत चढतो आहे! या चित्रपटाला आपण 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखतो. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. हरिश्चंद्राचं सिंहासन असं वाटाण्याच्या वेलावर उभं आहे!

आता जरा घरगुती हिशोब करू या. फाळके दिवसाला एकच चित्र घेत, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडद्यावरून जात. म्हणजे मिनिटाला झाली ९६०. रोज एक याप्रमाणे महिन्याची होतात तीस, आणि तीस चित्रं दोन सेकंदांत संपतात! मिनिटभराचा चित्रपट हवा तर दिवसाला तीसेक चित्रं घ्यायला हवीत. म्हणजे दिवसभर कुणीतरी त्या कुंडीची राखण करायला हवी. कॅमेरा हलता कामा नये, कुंडी सरकता कामा नये, मुलांचा धक्का लागता कामा नये. लहान मुलं असलेल्या घरात हे किती अवघड, ते मी तुम्हाला सांगायला नको. हरवलेल्या चित्रपटाचा माग काढायचा तो असाच. छापलेलं सगळं खरं मानायचं नाही, दर गोष्ट आपल्या हिशोबाला लावून पाहायची.

सरस्वतीबाईंचे हात

कुंडीच्या मागे घर उभं होतं आणि घरामागे होत्या सरस्वतीबाई. माहेरच्या गिरिजा करंदीकर. १९०२ मध्ये लग्न झालं आणि त्या सरस्वती झाल्या. विलायतेहून आलेली कोरी फिल्म तेव्हा भोकांशिवाय येई. दोन्ही कडांना भोकं पाडायचं काम घरीच करावं लागे आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ही भोकं किती असतील? एका फुटाला एका कडेला चौसष्ट, दोन्ही कडा मिळून एकशे अठ्ठावीस! मिनिटभराच्या चित्रपटाला साठेक फूट फिल्म लागते. आता 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे सदतीसशे फूट. गुणाकार तुम्हीच करा.

सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या. 'हरिश्चंद्रा'च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्यावर होता आणि उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्याचं कामही. त्यांच्या दागिन्यांवर पैसे उभे केले गेले, हे तर सर्वश्रुतच आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाव मात्र नव्हतं. घरातल्या कामाला नाव द्यायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

माग कुठवर लागतो?

मग 'अंकुराची वाढ' गेला कुठे? कागदावर माग सापडतो. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात आपल्या धडपडीबद्दल लेख लिहिले, ते आहेत. कुटुंबीयांच्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणी आहेत. चित्रपटाच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव हमखास येतं. पण ज्या फितीवर तो वेल चढला, ती फीतच नाही. कागद राहिला, फीत गेली. पुन्हा तोच दौलताबादचा धडा!

कारणं शोधायला गेलं तर फार दूर जावं लागत नाही. पहिलं कारण फितीतच होतं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेट घेते आणि पेटली की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पेटली नाही तरी उष्णतेनं चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. दुसरं कारण चांदी. फिल्मवरच्या थरात चांदी असते. चित्रपट जुना झाला, चालेनासा झाला, की तो चांदी काढणाऱ्याला विकून टाकत. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याच वाटेनं गेला. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून चित्रपट झाला, आणि पुढे कित्येक चित्रपटांची पुन्हा चांदी झाली!

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यांत मोठं. वाटाण्याच्या चित्रपटाला कुणी चित्रपटच मानलं नसावं. तो होता नमुना, सावकाराला दाखवण्यापुरता. काम झालं, संपलं. आपण नाही का, नवं भांडं आलं की जुनं माळ्यावर टाकत? शिवाय असे चित्रपट सांभाळणारी संस्थाही तेव्हा नव्हती. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली. वाटाणा उगवल्यानंतर बावन्न वर्षांनी!

दुसऱ्यांचं काय झालं?

हे सगळं आपल्याच नशिबी आलं असं समजू नका. नेव्हिल मॅस्केलाइन हा लंडनचा जादूगार. २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. ग्रहणाची सावली आपल्या विजयदुर्गावरून शिरली, सोलापूरकडच्या जेऊरवरून आणि वऱ्हाडातल्या तळणीवरून पुढे गेली. तळणीला ॲनी माँडर या बाईंनी आपल्या छोट्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबच लांब किरण टिपला आणि भल्याभल्या शास्त्रज्ञांना चकित केलं. मॅस्केलाइनही त्या ग्रहणासाठी इंग्लंडहून भारतात आला होता. त्यानं ग्रहणाचं चलच्चित्र घेतलंसुद्धा. पण परतीच्या प्रवासात फिल्मचा डबाच चोरीला गेला! बिचाऱ्यानं हार मानली नाही. १९०० साली अमेरिकेत जाऊन त्यानं पुन्हा ग्रहण टिपलं. ती फीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहात पडून राहिली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनी एकेक चित्र जुळवून ती दुरुस्त केली आणि २०१९ मध्ये लोकांना दाखवली. चोरीला गेलेला डबा मात्र गेला तो गेलाच.

योगायोग बघा, फाळकेही जादूगार होते. स्वतःचं नाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणून ते जादूचे प्रयोग करत. डोळ्यांना न दिसणारं दाखवायची हौस दोघांनाही सारखीच.

आणखी एक उदाहरण तर आपल्या वाटाण्याचं सख्खं भावंडच. पर्सी स्मिथ हा लंडनमधला शिक्षणखात्यातला कारकून. त्यानं घरच्या घरी फुलं उमलताना टिपली आणि १९१० मध्ये 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' हा चित्रपट केला. काळ जवळजवळ तोच, युक्ती तीच, घरातलीच जागा. स्मिथची फुलं आजही पडद्यावर उमलतात. फाळक्यांचा वाटाणा मात्र फक्त सांगण्यात उरला. हुशारीत काही उणं नव्हतं, मैत्रिणींनो. जपण्यात पडलं.

सापडतं, ते घरात

पण निराश होऊ नका. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर हे असल्या शोधांचे महागुरू. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते गावोगाव हिंडले. जुनी चित्रपटगृहं, गोदामं, कुणाकुणाची घरं पालथी घातली. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे नाशिकला गेले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चारांपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ आज आहे. ते १९१३ चं की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या प्रतीचं, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे, तो चालू द्या. 'कालियामर्दन' (१९१९) बराचसा हाती लागला. त्यात फाळक्यांची चिमुकली मंदाकिनी कृष्ण झाली आहे. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा फाळक्यांचा माहितीपटही तुकड्यांत का होईना, उरला आहे.

भारतात सुमारे सतराशे मूकपट झाले असं म्हणतात. त्यांतले जेमतेम नऊ नायरांना जमवता आले. जमवलेलंही कायमचं राहतं असं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळं जळाली. उलट 'बिल्वमंगल' (१९१९) हा चित्रपट पार पॅरिसमध्ये सापडला आणि २०१६ मध्ये त्याची अर्ध्या तासाची प्रत पुण्याला आली. तेव्हा 'आता काय सापडणार' असं म्हणायचं नाही.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

हे झालं थोरामोठ्यांचं. पण तुमच्या-आमच्या घरातही असतंच काहीतरी. सासरे विज्ञानाचे शिक्षक होते आणि शाळेचा प्रोजेक्टर त्यांच्या ताब्यात असे. दीर दूरदर्शनवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवत. वडिलांना आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचा नाद होता. ती रिळं, त्या कॅसेटी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातात. 'भारत की छाप' ही आपल्या विज्ञानाच्या इतिहासावरची तेरा भागांची मालिका चंदिता मुखर्जी या बाईंनी केली. १९८९ मध्ये ती दूरदर्शनवर झाली, तेव्हा कितीतरी घरांत पाहिली गेली. अशा कार्यक्रमांची एखादी बरी प्रत कुणाच्या कपाटात असेल, सांगता येत नाही. म्हणून डबा फेकण्याआधी एवढं करा:

रुंदी मोजा. फीत साडेतीन सेंटिमीटर रुंद असेल आणि १९५० च्या आधीची वाटत असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती गॅस, शेगडी, देवाची समई यांच्यापासून लांब ठेवा. उन्हात टाकू नका, पोस्टानंही पाठवू नका. आधी संग्रहालयाला कळवा. दीड सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अरुंद फीत ही घरगुती आणि शाळेतल्या प्रोजेक्टरची. ती पेट घेणाऱ्या जातीची नसते.

वास घ्या. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फीत कुजू लागली आहे. तिला इतर रिळांपासून वेगळी काढा. हा रोग शेजारच्या रिळांनाही लागतो.

चालवून पाहू नका. हा मोह फार होतो! पण आकसलेली फीत जुन्या प्रोजेक्टरवर घातली, की भोकं फाटतात. जी भोकं सरस्वतीबाईंनी अंधारात बसून पाडली, ती आपण उजेडात फाडायची का? बुरशी आलेली कॅसेटही यंत्रात घालू नये.

डब्यावरचं लिहिलेलं उतरवून घ्या. नाव, साल, कुणाचं अक्षर, कुठून आलं. चिठ्ठी साध्या चांगल्या कागदावर पेन्सिलीनं लिहून डब्यापाशी ठेवा, फितीला चिकटवू नका. घरातली वडील मंडळी आहेत तोवर त्यांना विचारा. 'ते रॉकेलच्या वासाच्या वर्गात दाखवलेलं बेडकाचं रीळ' एवढ्या आठवणीवरूनसुद्धा माग लागतो. कुठल्या साली पाहिलं, कुठल्या भाषेत, शाळेत की सिनेमाच्या आधी, हे लिहून काढा. सिनेमाच्या आधी दाखवत ते अनुबोधपट बहुधा १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे. घरी दूरदर्शनवर मराठीत पाहिलं असेल, तर ते १९७२ नंतरचं, कारण मुंबई केंद्र त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं.

जागा बदला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. रिळं खालच्या मजल्यावर, भिंतीला न लागता, कोरड्या कपाटात ठेवा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. रिळं आडवी ठेवा, कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या.

प्रत काढलीत तरी मूळ टाकू नका. दुकानदार म्हणतो, 'ताई, आता पेनड्राइव्हवर आलं, ते कशाला ठेवता?' ठेवायचं. उद्या अधिक चांगली प्रत त्या मुळावरूनच निघेल.

चित्रपट महत्त्वाचा वाटला, तर पुण्याला विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना पत्र घाला. अलीकडे ते आणि फिल्म्स डिव्हिजन दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहेत, पण संग्रहाचं काम पुण्यात चालूच आहे.

सरस्वतीबाईंनी नवऱ्याच्या यंत्राला 'हे काय खूळ घरात आणलंत' म्हटलं असतं, तर चित्रपट झालाच नसता. तो झाला, कारण घरातल्या बाईनं त्याला जागा दिली. आज काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे बहुतेक घरांत तुम्हीच ठरवता. कपाटाच्या किल्ल्या तुमच्या कमरेला आहेत. तेव्हा येत्या दिवाळीत माळा झाडताना गंजलेला गोल डबा हाती आला, तर भंगारवाल्याला दोन मिनिटं दारात थांबवा आणि झाकणावर काय लिहिलं आहे, ते आधी वाचा.